आठ सेकंदांमागचे कारणही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रोड सायकलिंगच्या मोठ्या शर्यतींच्या आठवणी क्रीडा पानावर येतात तेव्हा त्यांची विशेषणे ठरलेली असतात. थरारक, अविश्वसनीय, चमत्कार. १९८९ च्या टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या शर्यतीतले आठ सेकंद, १९८८ च्या जिरो या इटलीतल्या शर्यतीमधला गाव्हिया घाटातला बर्फ, २०१६ च्या टूरमध्ये माँ व्हाँतूच्या चढावर सायकलशिवाय पळणारा, पिवळ्या जर्सीतला, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवरचा, ख्रिस फ्रूम. हे प्रसंग खरे आहेत आणि ते पुन्हा पुन्हा सांगावेत असेच आहेत. पण ते घडले कसे, हे मात्र बातमीत नसते. या खेळात निकाल वाऱ्यातून, थंडीतून, लोखंडाच्या एखाद्या जोडातून, नियमाच्या एखाद्या कलमातून आणि साध्या बेरीज-वजाबाकीतून लागतो. हे सगळे चार ओळींत सांगता येते. ते सांगितले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

सर्वाधिक छापल्या गेलेल्या प्रसंगापासून सुरुवात करतो. २३ जुलै १९८९. टूरचा शेवटचा टप्पा, व्हर्साय ते पॅरिस, २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचा टप्पा. फ्रान्सचा लोराँ फिन्याँ अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडपेक्षा सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत ५० सेकंदांनी पुढे होता. म्हणजे लेमाँडला प्रत्येक किलोमीटरमागे दोन सेकंदांहून थोडे जास्त कमवायचे होते. हे अशक्य आहे, असे तेव्हा बहुतेकांचे मत होते. लेमाँडने २६ मिनिटे ५७ सेकंद घेतले, फिन्याँने २७ मिनिटे ५५ सेकंद. फरक ५८ सेकंदांचा. सुमारे ३,२८५ किलोमीटरची शर्यत ८ सेकंदांनी फिरली. लेमाँडच्या त्या दिवशीच्या वेगाने मोजले तर हे अंतर जेमतेम १२० मीटर भरते.

आता कारण. लेमाँडच्या हँडलवर पुढे निघालेला एक दांडा जोडलेला होता. त्यावर कोपरे जवळ घेऊन हात समोर ताणले की छाती झाकली जाते आणि हवेला आडवे येणारे अंग आखडते. डोक्यावर मागे निमुळते होत जाणारे हेल्मेट होते. फिन्याँच्या सायकलला पुढे-मागे दोन्हीकडे बंद चकतीची चाके होती, पण हँडल बैलाच्या शिंगांसारखे, हात एकमेकांपासून लांब, डोके उघडे आणि मागे केसांची शेपटी. केसांच्या शेपटीमुळे टूर गेली, हे वाक्य आजही छापले जाते. वाचायला मजा येते, पण त्याने खरी गोष्ट झाकली जाते. खरा फरक हातांच्या ठेवणीचा होता.

याचा हिशेब कोणालाही करता येतो. लेमाँडचा सरासरी वेग ताशी ५४.५ किलोमीटर, फिन्याँचा सुमारे ५२.७. सपाट रस्त्यावर एवढ्या वेगात ताकदीचा फार मोठा भाग हवा कापण्यात जातो, आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेगातला साडेतीन टक्के फरक म्हणजे ताकदीतला साधारण अकरा टक्के फरक. तीन आठवडे बरोबरीने लढलेल्या दोघांपैकी एकाने शेवटच्या दिवशी नुसत्या पायांच्या जोरावर अकरा टक्के जास्त ताकद काढली, हे पटत नाही. हवेचा अडथळा कमी झाला, हे पटते. फिन्याँला बसायच्या जागी जखम होती, तिचाही वाटा असणार. पण तो वाईट चालवत नव्हता. त्या टप्प्यात तो तिसरा आला होता.

आणखी एक बाब सहसा निसटते. तो दांडा शेवटच्या दिवशी बाहेर काढलेले गुपित नव्हते. त्याच टूरच्या पाचव्या टप्प्यात, दिनार ते रेन या ७३ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये, लेमाँडने तोच वापरला होता आणि फिन्याँला ५६ सेकंदांनी मागे टाकून पिवळी जर्सी घेतली होती. उत्तर शोधायला प्रतिस्पर्ध्यांकडे दोन आठवड्यांहून जास्त वेळ होता. माझ्या मते त्या टूरचा निकाल या दोन आठवड्यांत लागला. पॅरिसमध्ये तो फक्त दिसला.

सायकलच्या भागावरून निकाल फिरण्याची गोष्ट शर्यतीइतकीच जुनी आहे. १९१३ च्या टूरमध्ये बायोन ते ल्युशाँ या ३२६ किलोमीटरच्या टप्प्यात विजेतेपदाचा एक दावेदार यूजेन क्रिस्तॉफ तुर्माले घाट उतरत असताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. तेव्हाचा नियम असा की दुरुस्ती ज्याची त्याने करायची. दुसरी सायकल नाही, सुटा भाग नाही, कोणाचा हात नाही. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून जास्त चालत खाली सांत-मारी-द-काँपाँ या गावी आला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः चिमटा जोडला. लोहाराने तोंडी सांगायचे, हात लावायचा नाही, आणि शर्यतीचे अधिकारी समोर उभे.

जो तपशील नेहमी गमतीने सांगितला जातो तो नीट पाहिला तर त्या नियमाचा सगळा अर्थ उलगडतो. चिमट्याची नळी लाल करायची तर भट्टीला सतत वारा हवा. एका हातात सांडशीने धरलेली नळी, दुसऱ्या हातात हातोडा. मग भाता ओढायचा कोणी? नळी बाजूला ठेवून भाता ओढावा तर तोवर ती निवते. भाता एका पोराने ओढला आणि बाहेरची मदत घेतली म्हणून क्रिस्तॉफला दहा मिनिटांचा दंड झाला. तो पुढे तीन मिनिटांवर आणला गेला. त्याने निकालात काही फरक पडणार नव्हता, कारण या सगळ्यात जवळपास चार तास आधीच गेले होते. तरीही तो टूर संपवून सातवा आला. १९१९ मध्ये टूरची पहिली पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर चढली, आणि शेवटून दुसऱ्या टप्प्यात त्याचा चिमटा पुन्हा तुटला. तासाहून जास्त वेळ गेला, टूर गेली, तो तिसरा आला. चिमटा नेमका वरच्या जोडाशी का तुटतो, हे त्या काळचा रस्ता डोळ्यांसमोर आणला की कळते. उतारावर ब्रेक दाबला की सगळे वजन पुढे येते, दगडांचे धक्के खालून बसतात, आणि दोन्ही ताण त्या एकाच सांध्यावर एकवटतात.

यानंतर २०१६ चा फ्रूम पाहा. १०३ वर्षांनी, नियम पूर्ण बदललेले, संघाच्या गाड्या सुट्या सायकली घेऊन मागे, तरीही आघाडीवरचा माणूस घाटात पायी. १४ जुलैला माँ व्हाँतूच्या माथ्यावर वारा इतका होता की अंतिम रेषा सहा किलोमीटर खाली शाले रेनारला आणावी लागली. वर पांगायची ती गर्दी खाली एकवटली, आणि शेवटच्या चढावर गर्दी रोखायला पुरेसे अडथळे लावले गेले नव्हते. गर्दीत एक मोटरसायकल अडली, रिची पोर्ट तिच्यावर आदळला, त्याच्या मागे फ्रूम आणि बाउके मोलेमा. मागून आलेल्या मोटरसायकलने फ्रूमची सायकल मोडली. संघाची गाडी गर्दीत मागे अडकलेली. तटस्थ मदतगाडीने दिलेल्या पिवळ्या सायकलीवर तो बसला, पण ती त्याच्या मापाची नव्हती आणि पेडल त्याच्या बुटांशी जुळेना. स्पर्धकाच्या बुटाच्या तळाला क्लीट नावाची पट्टी असते. ती ज्या कंपनीची, त्याच घडणीच्या पेडलमध्ये ती अडकते. दुसऱ्या पेडलवर पाय नुसता घसरतो. शेवटी संघाची सायकल आली तेव्हा तो मार्गी लागला. पंचांनी त्याला आणि पोर्टला मोलेमाची वेळ दिली आणि पिवळी जर्सी त्याच्याकडेच राहिली. बातम्यांत मात्र फक्त पळणारा माणूस उरला. वारा, खाली आणलेली रेषा, कमी पडलेले अडथळे, न जुळणारे पेडल ही साखळी सांगितली तर ते पळणे हास्यास्पद वाटत नाही.

साखळीवरून अँडी श्लेकची आठवण होते. २०१० मध्ये पोर्ट द बालेसच्या चढावर पिवळ्या जर्सीतल्या श्लेकने जोर लावला आणि त्याची चेन पडली. उतरून ती हाताने चढवेपर्यंत अल्बेर्तो कोंतादोर निघून गेला. श्लेककडे ३१ सेकंदांची आघाडी होती, दिवसाच्या शेवटी तो ८ सेकंदांनी मागे होता. सगळी चर्चा खिलाडूवृत्तीवर झाली. तीही व्हावी. पण चेन का पडते, हे कोणी लिहिले नाही. चेनचा खालचा पदर मागच्या गिअरच्या स्प्रिंगने ताणून धरलेला असतो. उभे राहून पूर्ण जोर दिलेला असताना गिअर बदलला, किंवा मागचे चाक उसळून पाय क्षणभर थांबला, की तो पदर हेलकावतो आणि चेन पुढच्या चकतीवरून आत उतरते. ती आत पडू नये म्हणून चकतीला लागून एक छोटी पट्टी बसवता येते, बोटाएवढीही नसते. ती टूर कोंतादोरने ३९ सेकंदांनी जिंकली, पुढे उत्तेजकाच्या प्रकरणात त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि ते श्लेकला मिळाले.

थंडीचे प्रसंग सगळ्यांत वरवर लिहिले जातात, म्हणून तिथे थोडा थांबतो. ५ जून १९८८, जिरो दितालियाचा चौदावा टप्पा, गाव्हिया घाटावरून बोर्मिओला उतरणारा. २,६०० मीटरहून उंच घाट, वरचा भाग तेव्हा कच्चा, आणि बर्फ पडत होता. चढताना शरीर तापलेले असते, घामाने कपडे भिजतात, थंडी जाणवत नाही. धोका माथ्यावर सुरू होतो. पुढचे पंचवीसेक किलोमीटर उतार, पाय जवळपास थांबलेले, त्यामुळे अंगात उष्णता तयार होत नाही, आणि ओल्या कपड्यांवर वेगाचा वारा. आधी बोटे जातात. ब्रेकची कांडी दाबली गेली की नाही हे हाताला कळत नाही. रिमवर पाणी किंवा बर्फाचा थर असेल तर ब्रेकचे रबर आधी तो थर पुसते आणि मग धरते, तोवर सायकल वळणात शिरलेली असते. मागच्या दातेरी चक्रांत बर्फ भरला की चेन दातांवरून घसरू लागते. म्हणून उतारावरही हलके पेडल मारत राहावे लागते.

त्या दिवशी घाटमाथा सर्वांत आधी गाठला तो योहान व्हॅन डर व्हेल्डेने, अर्ध्या बाह्यांच्या जर्सीत. उतरताना त्याला आसरा घेत थांबावे लागले आणि तो सुमारे ४७ मिनिटांनी मागे पडला. अमेरिकेच्या अँडी हॅम्पस्टनच्या संघाने सकाळीच बर्फातले उबदार कपडे विकत आणले होते, अंगाला लोकरीची चरबी, म्हणजे लॅनोलिन, चोळले होते आणि माथ्याजवळ कपड्यांच्या पिशव्या घेऊन माणसे उभी केली होती. टप्पा एरिक ब्रॉइकिंकने जिंकला, हॅम्पस्टन सात सेकंदांनी दुसरा आला, जिरोतल्या आघाडीची गुलाबी जर्सी त्याच्याकडे आली आणि शेवटपर्यंत राहिली. हॅम्पस्टनचे धैर्य मोठेच. पण व्हॅन डर व्हेल्डेकडे धैर्य कमी होते का? घाट तर त्यानेच आधी गाठला. फरक हातमोज्यांचा होता आणि कोण कुठे उभा राहून ते देणार हे सकाळी ठरवण्याचा होता. १९८० च्या लिएज-बास्तोन-लिएज या बेल्जियममधल्या एका दिवसाच्या शर्यतीतही हेच दिसते. बर्फात १७४ जण निघाले, २१ जणांनी शर्यत पूर्ण केली. बर्नार इनो सुमारे ८० किलोमीटर एकटा चालवत ९ मिनिटे २४ सेकंदांनी जिंकला, आणि त्याच्या दोन बोटांना त्या गारठ्याने कायमची इजा झाली.

उष्णतेचेही असेच. १४ जुलै २००३ ला टूरमध्ये गाप गावाकडे उतरताना होसेबा बेलोकी पडला आणि मागचा लान्स आर्मस्ट्राँग रस्ता सोडून शेतातून खाली उतरला. तो प्रसंग शेताचा म्हणून लक्षात राहिला. खरे तर तो डांबराचा होता. उन्हाने डांबर वितळले होते. बेलोकीचे मागचे चाक ब्रेक लावताना घसरले, टायर रिमवरून निघाले, आणि उघडी रिम रस्त्यावर अडून तो उडाला. मांडीचे हाड, कोपर, मनगट, सगळे मोडले. तेव्हाचे टायर रिमला सरसासारख्या चिकट द्रव्याने चिकटवलेले असत. उतारावरच्या ब्रेकने रिम तापते, वर उन्हाची भर, की ते द्रव्य मऊ पडते आणि आडव्या जोराला टायर सुटतो.

वारा तर बातमीत येतच नाही, आणि सपाट टप्प्यांचे निकाल तोच लावतो. २०१३ च्या टूरचा तेरावा टप्पा, तूर ते सँ-आमाँ-माँराँ, नकाशावर बिनधोक होता. वारा आडवा निघाला. आडव्या वाऱ्यात आडोसा पुढच्याच्या मागे नसतो, तिरका बाजूला असतो, म्हणून स्पर्धक रस्त्यावर तिरकी रांग धरतात. रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढ्यांनाच आडोसा मिळतो. उरलेले कडेला एकामागे एक, उघड्या वाऱ्यात. पुढच्यांनी जोर वाढवला की कडेच्या ओळीत कुठेतरी दोन मीटरची फट पडते आणि ती भरून निघत नाही. कोंतादोरच्या संघाने शेवटच्या तीसेक किलोमीटरमध्ये नेमके हेच केले. पुढे १४ जण राहिले. मार्क कॅव्हेंडिशने ती फट वेळेत ओळखली, त्यांत शिरला आणि टप्पा जिंकला. पिवळ्या जर्सीतल्या फ्रूमचे १ मिनिट ९ सेकंद गेले. एकूण क्रमवारीत दुसरा असलेल्या आलेहांद्रो व्हाल्वेर्देचे चाक त्याआधीच मोडले होते. तो जवळपास दहा मिनिटांनी मागे पडला. मोठा चढ एकही नव्हता.

शेवटचा मुद्दा हिशेबाचा. १९६४ च्या टूरमध्ये प्वी द दोमच्या चढावर जाक आंक्तील आणि रेमाँ पुलिदोर खांद्याला खांदा लावून चढतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आंक्तीलकडे ५६ सेकंदांची आघाडी होती, ४२ गेले, १४ उरले. पण पुलिदोर त्याच्यापासून सुटला तो शेवटच्या किलोमीटरच्या सुमारास, छायाचित्रातल्या झुंजीनंतर. आणि टप्प्यात पहिल्या दोघांना मिळणारे, एकूण वेळेतून वजा होणारे बोनस सेकंद त्याला मिळाले नाहीत, कारण चढावर तरबेज असलेले दोन स्पॅनिश स्पर्धक त्याच्या पुढे होते. पुलिदोरच्या अंगावर आयुष्यात एकदाही पिवळी जर्सी चढली नाही. ती २०२१ मध्ये त्याचा नातू माथ्यू व्हान डर पूलने मिळवली.

तोच हिशेब २०२४ च्या महिलांच्या टूरमध्ये चार सेकंदांवर आला. त्याची दखल फारच थोडक्यात घेतली गेली, याचे मनापासून वाईट वाटते. शेवटच्या दिवशी, आल्प द्युएझच्या टप्प्याआधी, पोलंडची काशा निएव्हियाडोमा नेदरलँड्सच्या डेमी व्होलरिंगपेक्षा ७५ सेकंदांनी पुढे होती. व्होलरिंगने ग्लँडॉनच्या चढावरच, शेवटाला पन्नासहून अधिक किलोमीटर असताना, तिला मागे टाकले आणि टप्पा जिंकला. निएव्हियाडोमा ६१ सेकंदांनी आली. विजेतीला १० सेकंदांचा बोनस. पंच्याहत्तरातून एकसष्ट गेले, दहा गेले, उरले चार. तीन दिवस आधी, पाचव्या टप्प्यात, पिवळ्या जर्सीतली व्होलरिंग शेवटच्या काही किलोमीटरमध्ये पडली होती आणि तिचे दीड मिनिटाहून जास्त गेले होते. टूर तिथे गेली. पुरुष आणि महिला दोन्ही धरून टूर द फ्रान्समध्ये इतक्या थोड्या फरकाने कोणी जिंकलेले नाही, तरी आठ सेकंदांची आठवण काढताना या चार सेकंदांचा उल्लेखही नसतो.

म्हणून विनंती ही की टूर, जिरो आणि स्पेनमधल्या व्हुएल्टाच्या दिवसांत निकालाच्या चौकटीत विजेत्याच्या नावाबरोबर थोडी जागा आणखी द्यावी: आदल्या दिवशी फरक किती होता, आज किती झाला, बोनस कोणाला मिळाला, वारा कोणत्या बाजूचा होता, शेवटच्या चढाची लांबी आणि चढण किती, आणि कोणी वेळ गमावली असेल तर पंक्चरने, पडल्याने, थंडीने की फट पडल्याने. हे सारे शर्यतीच्या रोजच्या अधिकृत निकालपत्रकातून आणि वृत्तसंस्थांच्या मजकुरातून मिळते. आणि जुन्या विजेत्यांची यादी छापताना एवढे तपासून घ्यावे: १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे कोणाचेच नाव येत नाही, आर्मस्ट्राँगची रद्द झालेली विजेतेपदे कोणालाही दिलेली नाहीत. २००६ पुढे ऑस्कर पेरेइरो आणि २०१० पुढे अँडी श्लेक हवा.

आपला,
सायकल शर्यतींचा एक नियमित वाचक